यशवंती, बिसकोब्रा आणि दिघीची घोरपड

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही ऑफिसातले पाच जण दिघीला गेलो होतो. आगरदांड्याहून जंगलजेटीत गाडी चढवायची, राजपुरीची खाडी ओलांडायची, दिघीला उतरून पुढे दिवेआगरला जायचं, असा साधा विकेंड प्लॅन. दिघीच्या वर एका वाडीत जेवायला थांबलो, तर सुपारीच्या झाडाच्या बुंध्याशी एक प्राणी निवांत ऊन खात बसलेला. लांबी जेमतेम दीड फूट, अंग काळपट, त्यावर पिवळ्या ठिपक्यांच्या रांगा, आणि जीभ सापासारखी दुभंगलेली. वाडीत काम करणारा माणूस लगेच बांबू घेऊन धावला. "चंदन घोरपड आहे, लई विषारी, चावली की माणूस जागचा उठत नाही." वाडीवाल्या काकांनी त्याला थांबवलं, तेवढ्यात स्वारी झाडावरून पसार.

फोटो ग्रुपवर गेल्यावर तर काय, महाचर्चा. एकाच्या मते मगरीचं पिल्लू (महाडला सावित्रीत मगरी आहेतच, त्यामुळे हा अंदाज अगदीच टाकाऊ नव्हता). दुसऱ्याच्या मते कोमोडो ड्रॅगनचा भाऊ. तिसऱ्याने डिस्कव्हरी चॅनेल जास्त पाहिलेला, त्याच्या मते 'वॉटर मॉनिटर', कारण जवळ खाडी आहे. आणि चौथा म्हणाला, "ही तीच रे, तानाजीची!"

गंमत म्हणजे उत्तराच्या सगळ्यात जवळ चौथा होता. पण 'तानाजीची' या एका शब्दात केवढा गुंता आहे, ते गेले काही विकेंड वाचत बसल्यावर कळलं. म्हणून हा लेख. जरा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आधी ओळख परेड

आपल्या धंद्यात बग शोधताना शक्यता एकेक करून बाद करतात. इथेही तेच करू.

मगर आधीच बाद. मगरीची जीभ खालच्या जबड्याला चिकटलेली असते, ती बाहेर काढून लवलवता येत नाही. दुभंगलेली, लांब, सारखी आत-बाहेर होणारी जीभ म्हणजे साप किंवा घोरपडीचं घराणं. पाय आहेत, म्हणजे साप नाही. उरली घोरपड.

आता कुठली? भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. पिवळी घोरपड सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रेच्या मैदानी, पाणथळ पट्ट्यातली. वाळवंटी घोरपड राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातली. पाणघोरपड (आमच्या डिस्कव्हरीवाल्याची वॉटर मॉनिटर) ईशान्य भारत, बंगाल, ओडिशा आणि अंदमान-निकोबारची. चौथी ती आपली नेहमीची घोरपड, जी जवळपास सगळ्या देशभर आहे. कोकणात, देशावर, विदर्भात, पुण्याच्या टेकड्यांवर दिसते ती हीच. शास्त्रीय नाव व्हॅरॅनस बेंगालेन्सिस. नावात बंगाल असला तरी मुक्काम सगळीकडे.

फोटो जवळून असेल तर अजून एक खात्रीची खूण आहे, नाकपुडी. पाणघोरपडीची नाकपुडी गोलसर असते आणि तोंडाच्या टोकाजवळ असते. आपल्या घोरपडीची नाकपुडी म्हणजे एक तिरकी फट, आणि ती टोकापेक्षा डोळ्याच्या किंचित जवळ असते. वाळवंटी घोरपडीची शेपूट गोल, आपल्या घोरपडीची दोन्ही बाजूंनी चपटी आणि वर दातेरी कणा. फोटो मोठा करून पाहिला. तिरकी फट, डोळ्याजवळ. केस क्लोज.

मग ते पिवळे ठिपके? ते वयाचे. घोरपडीची पिल्लं गडद रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची आणि पट्ट्यांची असतात. वय वाढतं तसा रंग मातकट, करडा होत जातो. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे 'चंदन घोरपड' नावाची वेगळी जात नाहीच. ते आपल्या साध्या घोरपडीचं पोर. पोराचा फ्रॉक रंगीत आणि आईची साडी मळखाऊ, एवढाच फरक.

नावात काय आहे? भरपूर घोळ आहे

प्रोग्रॅमर मंडळींना माहीत आहे, या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे व्हेरिएबलला नाव देणं. शास्त्रज्ञांचंही तसंच दिसतंय.

आपल्या घोरपडीला पहिलं शास्त्रीय नाव दिलं फ्रान्सच्या फ्रांस्वा-मारी दोदँ याने, १८०२ साली. या माणसाची गोष्ट विलक्षण आहे. लहानपणीच्या आजाराने त्याचे पाय गेलेले. जंगलात फिरणं शक्यच नव्हतं. पॅरिसच्या संग्रहात आलेले नमुने बघून त्याने सरपटणाऱ्या प्राण्यांवर आठ खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याची चित्रं त्याची बायको काढायची. दोघंही तिशीच्या आसपास, थोड्या अंतराने गेली. माझ्या वयाच्या माणसाने आठ खंड लिहून ठेवले होते हे वाचून मी माझ्या अर्धवट राहिलेल्या ब्लॉगपोस्टांकडे बघणं टाळलं. असो.

तर दोदँने नाव दिलं 'टुपिनांबिस बेंगालेन्सिस'. आता टुपिनांबा ही ब्राझीलमधली एक जमात! बंगालच्या घोरपडीला ब्राझीलच्या माणसांचं नाव कसं? तर सतराव्या शतकात मार्कग्राफ नावाच्या निसर्गअभ्यासकाने ब्राझीलच्या एका मोठ्या सरड्याबद्दल लिहिताना, टुपिनांबा लोकांमध्ये याला अमुक म्हणतात, अशा अर्थाची नोंद केली होती. नंतरच्या लोकांनी 'टुपिनांबा लोकांमध्ये' हेच प्राण्याचं नाव समजून घेतलं. एखाद्याने फॉर्मवर 'नाव:' या रकान्यापुढे 'मराठीत' असं वाचावं आणि तेच नाव म्हणून डेटाबेसमध्ये टाकावं, तसलाच प्रकार.

पुढे १८२० मध्ये मेरेम या जर्मन शास्त्रज्ञाने 'व्हॅरॅनस' हे कुळनाव आणलं. ते आलं अरबी 'वरल' किंवा 'वरन' वरून, ज्याचा साधा अर्थ घोरपड. हे ठीक होतं. पण युरोपात 'वरन' ऐकून कोणाला तरी इशारा देणे या अर्थाचा जर्मन शब्द आठवला. मग घोरपड मगर आल्याचा इशारा देते अशी गोष्ट तयार झाली, आणि इशारा देणारी, लक्ष ठेवणारी म्हणून इंग्रजीत ती झाली 'मॉनिटर'. शाळेतल्या मॉनिटरचा आणि हिचा संबंध इतकाच, की दोघं मान उंच करून इकडेतिकडे बघतात :)

आपल्याकडे संस्कृतात हिला 'गोधा' म्हणतात, हिंदीत त्याचंच 'गोह' झालं. मराठीत मात्र घोरपड. आणि घोरपडीसारखा चिकटलाय, हे वाक्य आपण सोसायटीच्या सेक्रेटरीपासून न सुटणाऱ्या बगपर्यंत सगळ्यांना लावतो.

चार पायांचा साप

आता विषाचा मुद्दा. वाडीतला माणूस बांबू घेऊन धावला तो उगाच नाही. त्या भीतीला किमान दोन हजार वर्षांचा इतिहास असावा.

चरकसंहितेत विषचिकित्सेच्या अध्यायात 'गौधेरक' नावाचा एक प्राणी येतो. कृष्णसर्पापासून गोधेला झालेला, चार पायांचा साप. बाप नाग, आई घोरपड, म्हणजे विष वडिलांचं आणि पाय आईचे. कल्पना बघा किती तर्कशुद्ध आहे. जीभ सापासारखी, चाल सापासारखी नागमोडी, घाबरली की सापासारखा फूत्कार, पण पाय चार. ज्याने जे पाहिलं त्याचं स्पष्टीकरण त्याने उपलब्ध माहितीतून दिलं. इनपुट बरोबर, लॉजिक बरोबर, आउटपुट चूक. असं होतं.

हाच प्राणी पुढे उत्तर हिंदुस्थानात आणि गुजरातेत 'बिसखोपरा' झाला, आणि इंग्रजांच्या तोंडी 'बिसकोब्रा'. १८८६ मध्ये निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची चक्क स्वतंत्र नोंद आहे. त्या नोंदीत एका माणसाचा उतारा घेतला आहे, तो माणूस आपल्या साताऱ्यात जन्मलेला: एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहायचा. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू करणाऱ्या आठ जणांपैकी हा एक, आणि त्याच साली आलेल्या त्याच्या पुस्तकात हा बिसकोब्राचा किस्सा आहे. त्याचा सूर असा: या प्राण्याच्या दंशाने माणूस मरतो याबद्दल कोणालाच शंका नाही, पुरावे तर ढीगभर आहेत, आता फक्त दोन गोष्टी ठरवायच्या राहिल्यात. एक, असा प्राणी मुळात आहे का. आणि दोन, असला तर तो पाय असलेला साप आहे की पाय नसलेला सरडा.

हे वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो. शेजारच्याला वाटलं बिल्ड पास झाला.

मग खरं काय? घोरपडीला सापासारखे पोकळ विषदंत नाहीत. २००५-०६ च्या सुमारास ब्रायन फ्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की घोरपडीच्या कुळातल्या प्राण्यांच्या खालच्या जबड्यात काही ग्रंथी असतात आणि त्यातून काही विषारी प्रथिनं स्रवतात. त्यांचा प्राण्याला नेमका किती उपयोग, यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. म्हणजे 'लाळ अगदी निरुपद्रवी' हे जुनं वाक्य आता थोडं जपून वापरावं लागतं. पण 'चावली की माणूस जागचा उठत नाही' यापासून आपण अजूनही कोसो दूर आहोत. चावली तर दुखतं, जखम खोल होऊ शकते, चिघळू शकते. धुवा, डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि मुळात, न पकडता घोरपड चावत नाही.

आता सिंहगड

हा भाग लिहिताना जरा सांभाळून लिहितो, कारण यशवंतीच्या बाबतीत माणसं भावनिक होतात. मीही होतो. चौथीच्या इतिहासाचं पुस्तक कोण विसरेल?

४ फेब्रुवारी १६७०. कोंढाणा. तानाजी मालुसरे कडा चढून गेले, उदेभानाशी लढताना पडले, गड मिळाला. इथपर्यंत वाद नाही. प्रश्न फक्त कडा कसा चढला हा.

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे घटनेनंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आत, आणि शिवाजी महाराजांच्या काळातल्या माणसाने. त्यात घोरपड नाही. मावळे वानरासारखे कडा चढून गेले, वर गेल्यावर माळ म्हणजे दोराची शिडी लावली आणि बाकीचे त्यावरून चढले, असं त्यात येतं.

घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. आज आपण जो पाठ वाचतो तो छापला गेला १८९१ मध्ये, ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या पोवाड्यांच्या संग्रहात. (हा ॲकवर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय त्याच्याच नावाचं.) पोवाड्यातली घोरपड आधी माघारी फिरते, तानाजी तिला दटावतो, मग ती चढते. नाट्य म्हणून हे जबरदस्त आहे. नायकाच्या आधी अपशकुन ओळखणारा प्राणी, त्याला न जुमानणारा नायक, आणि शेवट आपल्याला आधीच माहीत.

आता इंजिनियरिंगची डिग्री कधीतरी वापरावी म्हणून हिशोब मांडतो. समजा कडा १०० फूट, म्हणजे साधारण ३० मीटर. माणसाचं वजन पेलणारा बोटभर जाडीचा तागाचा दोर मीटरला साधारण १०० ग्रॅम भरतो. म्हणजे ३० मीटरला ३ किलो. मोठी घोरपड ७ किलोपर्यंत भरते, नेहमीची त्याहून बरीच कमी. म्हणजे स्वतःच्या निम्म्या वजनाचा दोर ओढत तिने सरळ कडा चढायचा. समजा चढली. नंतर ६० किलोचा मावळा त्या दोराला लटकणार, म्हणजे तिच्या वजनाच्या आठ-दहा पट भार, तोही कमरेला. समजा आधी नुसती सुतळी नेली आणि तिच्यामागून दोर ओढायचं ठरवलं, तर वर तो बांधणार कोण? आणि हे सगळं होण्याआधी तिने आपल्याला हव्या त्या दिशेने, हव्या त्या जागी जाऊन, रात्री, थंडीत थांबायला हवं. घोरपड थंड रक्ताची, दिवसा उन्हात हिंडणारी. माघाच्या रात्री ती बिळात झोपलेली असते.

मग ही गोष्ट आली कुठून? एक धागा खरा आहे. बिळात किंवा खडकाच्या फटीत शिरलेली घोरपड नखं रोवते, अंग फुगवते आणि अशी घट्ट बसते की शेपटीला धरून ओढणाराच थकतो. ज्याने हे अनुभवलंय त्याला 'हिला दोर बांधला तर?' हा विचार सुचणं साहजिक आहे. पण फटीत आतून पाचर बसणं वेगळं आणि उघड्या कड्यावर लोंबता भार पेलणं वेगळं.

दुसरा धागा आडनावाचा. मुधोळच्या घोरपडे घराण्यात परंपरा आहे की १४७१ च्या सुमारास बहमनी फौजेसाठी खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीला दोर बांधून घेतला आणि त्यावरून 'राजे घोरपडे बहादूर' हा किताब मिळाला. या घराण्याकडच्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण काल बघा: तानाजींच्या दोनशे वर्षं आधीची घटना, तोच सह्याद्री, तीच युक्ती. म्हणजे ही गोष्ट सह्याद्रीत आधीपासून फिरत असावी आणि शूर माणूस दिसला की त्याला जाऊन चिकटत असावी. अगदी घोरपडीसारखी. गड चढायच्या आकड्याला किंवा शिडीलाच घोरपड म्हणत असावेत, असाही तर्क केला जातो.

दिघीच्या धक्क्यावरून खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो, म्हणून एक गोष्ट आठवली. याच जंजिऱ्याच्या तटाला शिवकाळात पद्मदुर्गावरच्या लाय पाटील या कोळी वीराने रात्री शिड्या लावल्याची हकीकत आहे. मोरोपंतांची माणसं वेळेवर पोचली नाहीत आणि उजाडायच्या आत शिड्या काढाव्या लागल्या. त्या गोष्टीत चमत्कार नाही. होडी आहे, भरती-ओहोटी आहे, शिडी आहे, आणि न आलेली कुमक आहे. मला विचाराल तर अंधारात सिद्दीच्या तोफांखाली ओल्या तटाला शिडी लावणारा माणूस कुठल्याही यशवंतीपेक्षा कमी थरारक नाही. आणि कोंढाण्याचा कडा जर माणसं हाता-पायाने चढून गेली असतील, तर त्यात तानाजींचं मोठेपण वाढतं, कमी होत नाही.

ती नुसती चिकटत नाही

गोष्टीत घोरपडीला एकच काम, चिकटणं. खऱ्या घोरपडीकडे बघितलं तर ती याहून कितीतरी भारी मशीन आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर ऑफेनबर्गने या एका जातीवर अख्खा जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९९४ मध्ये आला.

ती जीभ म्हणजे नाक आहे. दोन टोकं हवेतले गंधकण उचलतात आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवतात. डाव्या टोकावर वास जास्त की उजव्या, यावरून दिशा कळते. स्टीरिओ वास!

बहुतेक सरडे एका वेळी जोरात पळू आणि नीट श्वास घेऊ शकत नाहीत, कारण दोन्हीला छातीचे तेच स्नायू लागतात. म्हणून पाल सुळकन पळते आणि थांबते. घोरपडीच्या कुळाने यावर पॅच काढलाय. घशाचा भाता करून ती पळता पळता हवा फुप्फुसात ढकलते. हे १९९९ मध्ये आफ्रिकेतल्या एका घोरपडीवर प्रयोग करून दाखवलं गेलं.

अंडी साधारण २० च्या आसपास. मादी जमिनीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटून बुजवते. कधी वाळवीच्या वारुळात घालते, तिथे ऊब आणि ओल दोन्ही टिकतात. सात-आठ महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतात. पिल्लं जास्त करून झाडांवर असतात, मोठी झाली की जमिनीवर येतात. सुपारीच्या बुंध्यावर आम्हाला दिसलेलं पोर म्हणजे अगदी नियमाप्रमाणे.

आणि खाते काय? भुंगेरे, त्यांच्या अळ्या, विंचू, खेकडे, उंदीर, अंडी, मेलेली जनावरं. कोंबडीची अंडी आणि पिल्लंही पळवते, त्याबद्दल वाडीवाले काका तिच्यावर रागावून आहेतच. पण माडाचे आणि सुपारीचे शत्रू असलेले किडे आणि उंदीर जिच्या ताटात आहेत, ती वाडीत असणं तोट्याचं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, श्रीवर्धन-दिवेआगर भागात पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नवी झाडं लावून परत उभ्या राहिलेल्या वाडीत फुकटचा राखणदार कोणाला नकोय?

आपण तिचं काय केलं

इथे इतिहास जरा कडवट होतो.

खंडोबाच्या जागरणात वाघ्याच्या हातात असते ती दिमडी परंपरेने घोरपडीच्या कातड्याने मढवलेली. गोव्यातलं घुमटही तसंच. मातीचं मडकं, त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं. आरती, मांडो, शिगमो, सगळीकडे तोच घुमणारा आवाज. कायद्यानंतर घुमट बाळगणं म्हणजे चोरटा मामला झाला. पण तिथल्या वादकांनी आणि कारागिरांनी शेळीच्या कातड्यावर घुमट जमवलं, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. वाद्यही राहिलं आणि घोरपडही. परंपरा मोडायची गरज नसते, तिचं एक डिपेंडन्सी बदललं की भागतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुरेल उदाहरण.

बाकी सगळीकडे एवढं सुरेल झालं नाही. विसाव्या शतकात पर्सा आणि बुटांसाठी कातडी परदेशी गेली. मांस आणि चरबी गुडघेदुखीपासून 'ताकदी'पर्यंत सगळ्यावर औषध म्हणून विकली गेली, अजूनही चोरून विकली जाते. यातल्या कशालाही वैद्यकीय आधार नाही.

आणि सगळ्यात धक्कादायक प्रकार 'हत्था जोडी'. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी एक सुकी 'मुळी'. तिजोरीत ठेवली की पैसा येतो म्हणे. वाघनखीच्या झाडाची दुर्मिळ मुळी म्हणून ती दुकानांत आणि पुढे चक्क ऑनलाइन विकली जात होती. २०१७ च्या सुमारास धाडी पडल्या, तपासण्या झाल्या आणि उघड झालं की ही मुळी नव्हेच. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय! सरडे-सापांमध्ये ते जोडीने असतं, म्हणून 'जोडी'. म्हणजे कोणीतरी देव्हाऱ्यात कुंकू वाहून, अगरबत्ती लावून... पुढचं लिहीत नाही, कळलं असेलच. ते विकत घेणारे अडाणी नव्हते हे लक्षात घ्या. ऑनलाइन ऑर्डर देणारे, क्रेडिट कार्डवाले, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच होते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, जिथे वाघ आहे तिथेच. मारणं, पकडणं, पाळणं, तिचे अवयव विकणं किंवा बाळगणं, कशालाही तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. 'मला माहीत नव्हतं' चालत नाही. तुमच्या मावशीने तिजोरीत हत्था जोडी ठेवली असेल तर तिला हा लेख जरूर वाचून दाखवा.

खाडीच्या पलीकडे मुरुडच्या बाजूला फणसाड आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथे घोरपडींना वनखातं आहे. दिघीच्या अलीकडे-पलीकडे मात्र वाड्या, बंदराकडे जाणारे ट्रक, आणि आपल्यासारखे विकेंडवाले. इथे घोरपडीचं काय होणार हे त्या क्षणी समोर कोण उभं आहे आणि त्याला काय माहीत आहे यावर ठरतं. चरकाच्या काळातली एक चुकीची ओळख आजही बांबू घेऊन धावते, आणि पोवाड्यातली एक सुंदर गोष्ट तिला वाचवायला कधीच आलेली नाही. ज्या मुलाने यशवंतीवर निबंध लिहिला, तोच मोठा होऊन घोरपडीवर दगड मारतो, कारण निबंधातली घोरपड आणि समोरची घोरपड एकच, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून व्यवहारातलं तेवढं लिहून थांबतो. दिसली तर चार पावलं मागे व्हा. तिला निघून जायला वाट मोकळी ठेवा, ती जातेच. कोपऱ्यात कोंडू नका, शेपटीचा फटका सणसणीत असतो. फोटो काढायचा तर बाजूने काढा, नाकपुडी आणि शेपटी दिसेल असा, म्हणजे ओळख पक्की होते. घरात शिरली आणि निघेना, तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पिवळ्या ठिपक्यांची छोटी दिसली आणि कोणी 'चंदन घोरपड' म्हणून काठी शोधायला लागला, तर शांतपणे सांगा, "दादा, पोर आहे ते. मोठं झालं की रंग जाईल."

एवढ्याने बहुतेक वेळा काठी खाली येते.